जवाच्या दोन दाण्यांची गाठ

सर्व प्रशंसा त्या अल्लाहसाठी, ज्याच्यापासून अंतःकरणातील कोणतीही गोष्ट लपून राहत नाही. दरूद व सलाम त्याचे अंतिम प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर.



शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतीत दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक तरुण आमच्या मशिदीत असरच्या नमाजला येतो. एके दिवशी नमाजनंतर तो मागे थांबला. एका दूधवाल्याने त्याला दुकानाच्या भिंतीवर गाय काढण्यास सांगितले होते. ती काढावी की नाही, या विचाराने त्याची झोप उडाली होती. मी कपाटातून सहीह बुखारी काढली आणि हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी कथन केलेली हदीस त्याला समजावून सांगू लागलो. चित्र बनवणाऱ्यास कियामतच्या दिवशी त्यात प्राण फुंकण्यास सांगितले जाईल आणि ते त्याला जमणार नाही, असा त्या हदीसचा एक भाग आहे. मला तोच भाग हवा होता. परंतु त्याच हदीसमध्ये आणखी एक इशारा आहे. न पाहिलेले स्वप्न पाहिल्याचे जो सांगेल, त्याला जवाच्या दोन दाण्यांची गाठ बांधण्यास सांगितले जाईल आणि तीही त्याला कधीच बांधता येणार नाही.

ते वाक्य वाचताना माझा आवाज अडखळला. त्या तरुणाच्या ते लक्षात आले नाही. माझ्या मात्र लक्षात आले, कारण तो इशारा माझ्यासाठी होता.

त्याआधीच्या जुमाला मी मिंबरवरून एक स्वप्न सांगितले होते. माझे दिवंगत उस्ताद आमच्या मशिदीचे अंगण झाडत आहेत, असे स्वप्न मला खरोखर पडले होते. ते काही बोलले नाहीत. झाडत राहिले आणि मला जाग आली. स्वप्न एवढेच होते. परंतु मशिदीच्या मागच्या भागावर पत्रे आहेत, स्लॅबसाठी पैसे जमत नव्हते आणि रमजान जवळ आला होता. स्वप्न सांगता सांगता माझ्या तोंडून निघून गेले, की उस्ताद म्हणाले, रमजानपूर्वी छत पूर्ण करा. समोर बसलेल्यांचे डोळे भरून आले. त्या एका दिवसात जेवढी रक्कम जमली, तेवढी कित्येक महिन्यांत जमली नव्हती. दुसऱ्या दिवशी कंत्राटी कामावरचा एक मजूर ओव्हरटाइमचे पैसे घेऊन आला आणि म्हणाला, “इमामसाहेब, उस्तादांनी सांगितलंय, मग मागे कसं राहायचं?” मी ते पैसे घेतले आणि पावतीही फाडली.

मदरशातून फारिग झाल्यावर मी मराठी विषय घेऊन बी.ए. केले. तिथे मी शिकलो होतो, की कथेतले पात्र कधी जन्मलेले नसते, तरीही कथाकार खोटारडा ठरत नाही. त्याच ज्ञानाचा आधार घेऊन माझे मन मला समजावू लागले, की तू थोडी कल्पनाच तर केलीस, हेतू नेक होता. मग मला आपल्या शहरातील बीबी का मकबरा आठवला. त्याच्या भिंती खालच्या भागात संगमरवराने मढवलेल्या आहेत. त्याच्या वर घुमटाच्या पायथ्यापर्यंत काळ्या दगडाचे बांधकाम असून त्यावर चुन्याचा बारीक, घोटीव गिलावा आहे. घुमट पुन्हा संगमरवरी आहे. मग तो गिलावा म्हणजे फसवणूक म्हणायची का?

यावर मी बराच विचार केला. उत्तर नाही असेच येते. गिलाव्याने आपण संगमरवर असल्याची साक्ष दिलेली नाही. मुख्य प्रवेशद्वारावरील लेखात अताउल्लाह आणि हंसपतराय यांची नावे आहेत. आपले काम त्यांनी आपल्या नावावर सर्वांसमोर ठेवले आहे. कथा वाचणाऱ्यालाही ठाऊक असते, की आपण कथा वाचत आहोत. ऐकणारा आणि सांगणारा यांच्यात जोवर हा उघड करार असतो, तोवर कल्पना ही कल्पनाच राहते. परंतु त्या मजुराशी मी असा कोणताही करार केला नव्हता. त्याने माझे वाक्य अदृश्य जगाकडून आलेला निरोप म्हणून ऐकले आणि त्यावर आपल्या घामाची कमाई ठेवली. कला आणि खोटी साक्ष यांच्यातली सीमा इथे आहे आणि मी ती ओलांडली होती.

बंधूंनो, इस्लाममध्ये स्वप्नाला जे स्थान आहे, त्यामुळेच हा अपराध मोठा ठरतो. खरे स्वप्न हा प्रेषितत्वाच्या सेहेचाळीस भागांपैकी एक भाग असल्याचे हदीसमध्ये आले आहे. त्यात भर घालणारा मनुष्य अशा दालनात हात घालतो, जिथे त्याचा अधिकार नाही. दुसरीकडे, आपले स्वप्न म्हणजे हुकूम नव्हे. हजरत इब्राहीम (अ.स.) यांचे स्वप्न वह्य होते, कारण ते प्रेषित होते. अजानचे शब्द हजरत अब्दुल्लाह बिन जैद (रजि.) यांना स्वप्नात ऐकू आले. परंतु अजान शरीअतचा भाग झाली, ती प्रेषितांनी (स.) त्या स्वप्नाला सत्य ठरवून मान्यता दिली म्हणून. आज कोणाच्याही स्वप्नाला तशी मान्यता मिळणार नाही. म्हणून स्वप्न आपल्याला दिलासा देऊ शकते, सावध करू शकते. परंतु त्याच्या आधारे दुसऱ्याच्या खिशाला, संसाराला किंवा लग्नाला हात घालता येत नाही.

मी एका विद्वान स्नेह्याला सारे सांगितले. तो म्हणाला, पैसा अल्लाहच्या घरासाठीच आहे, तौबा कर आणि विषय मिटव. त्या उत्तराने मला तात्पुरते बरे वाटले, पण रात्री झोप लागेना. तेव्हा प्रेषितांनी (स.) हजरत वाबिसा (रजि.) यांना केलेला उपदेश आठवला. त्याचा आशय असा, की आपल्या अंतःकरणाला विचार. लोकांनी कितीही फतवे दिले, तरी जे मनात सलत राहते ते पाप आहे. सूरह कियामाच्या प्रारंभी अल्लाहने स्वतःला दोष देणाऱ्या आत्म्याची शपथ घेतली आहे. ज्याची शपथ स्वतः अल्लाह घेतो, त्याचा आवाज चार सोयीच्या शब्दांनी दाबणारा मी कोण?

पुढच्या जुमाला मी मिंबरवर उभा राहिलो आणि सांगितले, की उस्ताद बोलले नव्हते. ते वाक्य माझे होते. ज्यांना पैसे परत हवे असतील, त्यांनी न संकोचता मागावेत. बहुतेकांनी मागितले नाहीत. मजूर मात्र मगरिबनंतर आला. त्याने विचारले, “उस्ताद बोलले नव्हते ना? मग हे माझ्या घराच्या दाराचे पैसे आहेत.” मी रक्कम त्याच्या हातावर ठेवली. त्याने मोजली, सलाम केला आणि तो निघून गेला. त्यानंतर त्याने स्लॅबसाठी काही दिलेले नाही. नमाजला मात्र तो येतो. मागच्या भागावर अजूनही पत्रे आहेत. पाऊस आला, की त्यांच्या आवाजात माझी किरअत बुडते. त्या आवाजाची मला आता तक्रार नाही.

पाट्या रंगवणाऱ्या तरुणालाही मी उपाय सांगितला होता. चित्रांवरच उपजीविका असलेल्या एका कारागिराला हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी झाडे आणि निर्जीव वस्तूंची चित्रे काढण्याचा सल्ला दिला होता. त्या तरुणाने भिंतीवर हिरवे गवत आणि दुधाची किटली काढली. दूधवाला खूश झाला. मर्यादा पाळून त्याची कला उणी झाली नाही.

माता-भगिनींनो, घरात कोणी स्वप्न सांगू लागले, तर जेवढे पाहिले तेवढेच सांगण्याची सवय मुलांना लावा. वाईट स्वप्न पडले, तर अल्लाहचा आश्रय मागा आणि ते कोणाला सांगू नका. चांगले पडले, तर अल्लाहचे आभार माना आणि ते आपल्यावर प्रेम करणाऱ्यालाच सांगा. कोणी स्वप्नाच्या जोरावर तुमच्याकडे काही मागत असेल, मग तो मिंबरवर उभा असलेला इमाम का असेना, तर त्याला नम्रपणे विचारा, की एवढेच पाहिले होते का?

हे अल्लाह, आमच्या जिभेला आमच्या डोळ्यांच्या पुढे जाऊ देऊ नकोस. आमच्या हातांना सौंदर्य दे, आमच्या साक्षीला सत्य दे आणि आमच्या अंतःकरणातील सल आम्ही तौबा करेपर्यंत जागी ठेव. आमीन.