पापणीवरचा रंग कोणाचा?

नागपूरच्या सीताबर्डीवरच्या प्रसाधनांच्या दुकानांतून लग्नसराईत जो सल्ला मुक्तहस्ते वाटला जातो, त्याचा तपशील असा की, तपकिरी बुबुळांना ताम्रवर्णी किंवा गडद निळा आयशॅडो खुलतो, आणि घाऱ्या डोळ्यांना जांभळट छटा लावली म्हणजे त्यांतली हिरवी झाक उठून दिसते. विक्रेती गिऱ्हाइकाच्या मनगटावर ब्रशने तीन-चार पट्टे ओढते, तो हात गालाशी नेते आणि आरसा पुढे करते. सल्ला निराधार नाही. शेजारी ठेवलेले दोन रंग परस्परांचे रूप पालटतात, हे शेव्रल या फ्रेंच रसायनज्ञाने १८३९ साली सविस्तर ग्रंथ लिहून दाखविले होते. परंतु खुलण्याचा हा जो धर्म, तो राहतो कोठे? डबीतल्या भुकटीत, बुबुळात, की पाहणाऱ्याच्या दृष्टीत?

अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हा न्यायशास्त्राचा ग्रंथ ज्याने पाठशाळेत घोकला असेल, तो सांगेल की रूप हा द्रव्यात समवायाने, म्हणजे अविभाज्य संबंधाने, राहणारा गुण असून त्याचे शुक्ल, नील, पीत, रक्त, हरित, कपिश आणि चित्र असे सातच प्रकार आहेत. चक्षुरिंद्रिय तैजस, म्हणजे तेजाचे बनलेले, आणि त्याचे ठाणे काळ्या बाहुलीच्या अग्रावर. आता ही बाहुली तपकिरी डोळ्यात काळी आणि घाऱ्या डोळ्यातही काळीच. तेव्हा पाहणाऱ्या डोळ्याला रंगाची निवड करण्याचे काही प्रयोजनच उरत नाही, आणि सारी उठाठेव चालते ती दिसणाऱ्या डोळ्यासाठी. शेव्रलचा दाखला पुढे केला तरी नैयायिक सहजासहजी दावा सोडणार नाहीत. छटा पालटली असे वाटणे हा भ्रम, असे म्हणून ते मोकळे होतील.

येथे बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाला बोलावणे भाग आहे, आणि नागपूरकरांना तो परका नाही, कारण त्याचा जन्म विदर्भात झाल्याचे तिबेटी परंपरा सांगते. ‘मूलमध्यमककारिके’च्या तिसऱ्या प्रकरणात तो विचारतो की, जे दर्शन स्वतःला पाहू शकत नाही ते इतरांना कसे पाहणार, आणि पापणीवरचा रंग तर असा की, लावणारीने डोळे मिटल्यावाचून तो पुरता दिसत नाही, व मिटले की तिला स्वतःला काहीच दिसत नाही! भुकटी, बुबुळ, प्रकाश आणि पाहणारा, यांतले एक काढून घ्या. खुलणे तेथेच संपते.

राहता राहिली धर्मशास्त्राची हरकत. मनूने ब्रह्मचाऱ्याला अंजन वर्ज्य केले. उपोसथाच्या दिवशी अष्टशील पाळणारे बौद्ध उपासक-उपासिका माला, गंध, विलेपन टाळतात. पण भिक्षुसंघाचे नियम सांगणाऱ्या विनयपिटकानेच नेत्ररोग झालेल्या भिक्षूला अंजनाची मोकळीक दिली आहे. यावरून मला तरी असे दिसते की, तक्रार रंगाविरुद्ध कधीच नव्हती. ती होती ‘हे माझे रूप’ या अभिमानाविरुद्ध, आणि नागार्जुनाचे म्हणणे कबूल केले तर त्या अभिमानाला उभे राहायला जागाच उरत नाही.

माझा फैसला नागार्जुनाच्या बाजूने आहे. त्याला अनुसरून वाचक भगिनींना एवढीच विनंती की, दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली रंग पसंत करू नये. मनगटावरचा पट्टा बर्डीच्या उन्हात आणून पाहावा, आणि मगच पैसे मोजावेत.