पांढऱ्या पेशी कुणाच्या बाजूने?

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरातल्या कितीतरी घरांत परळच्या टाटा रुग्णालयाची एक फाईल प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली असते. तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली असेल, तर पॅथॉलॉजीचा अहवालही त्यात असतो. घरची माणसे त्यात स्टेज शोधतात, गाठ केवढी होती ते पाहतात, आजार मानेपर्यंत पोचला का ते विचारतात. याच अहवालात पुष्कळदा आणखी एक ओळ असते. गाठीच्या कडेला लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी किती जमल्या आहेत, हे ती सांगते. त्या ओळीकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. पण या पेशी तिथे जमून नेमके काय करतात, या प्रश्नाने वैद्यकशास्त्राला दीडशे वर्षांहून अधिक काळ झुंजवले आहे.

रुडॉल्फ विरशो या जर्मन पॅथॉलॉजिस्टने १८६३ मध्येच गाठींमधल्या पांढऱ्या पेशींची दखल घेतली होती. जिथे दीर्घकाळ दाह चालू असतो तिथेच कॅन्सर उगवतो, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे या पेशी संशयितांच्या यादीत होत्या. पुढच्या पिढीने हे चित्र उलटे केले. न्यूयॉर्कचा शल्यविशारद विल्यम कोली १८९१ पासून कॅन्सरच्या रुग्णांना मुद्दाम जंतू टोचू लागला, कारण जंतुसंसर्गाने ताप चढल्यावर एका रुग्णाची गाठ विरल्याची नोंद त्याला सापडली होती. काहींना गुण आला, काहींना अपाय झाला, आणि असे का घडते हे कुणालाच सांगता येईना. १९०९ मध्ये पॉल एर्लिशने मांडले की शरीराचा पहारा नसता, तर कॅन्सर आहे त्याहून कितीतरी अधिक दिसला असता. मॅकफार्लेन बर्नेट आणि लुईस थॉमस यांनी १९५० च्या दशकात या विचाराला नीट सिद्धान्ताचे रूप दिले.

कल्पना देखणी होती, म्हणूनच ती तपासायला हवी होती. ऑसियास स्टुटमन यांनी १९७० च्या दशकात ते काम केले. जन्मतः थायमस ग्रंथी नसलेल्या, म्हणून टी-पेशींची (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) वानवा असलेल्या उंदरांना त्यांनी कॅन्सरकारक रसायन टोचले. पहारा खरा असेल तर या उंदरांत गाठी जास्त यायला हव्या होत्या; त्या साध्या उंदरांइतक्याच आल्या. या एका निकालाने पहाऱ्याचा सिद्धान्त जवळपास पंचवीस वर्षे अडगळीत गेला. त्या उंदरांत थोड्या टी-पेशी आणि दुसऱ्या जातीच्या मारक पेशी शिल्लक असतात, हे ध्यानात यायला वेळ लागला.

२००१ मध्ये रॉबर्ट श्रायबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत हाच प्रयोग जास्त काटेकोरपणे केला. या वेळच्या उंदरांत लिम्फोसाइट तयारच होत नव्हत्या. त्यांच्यात गाठी खरोखरच जास्त आल्या. पण या प्रयोगाचा खरा ऐवज त्याच्या दुसऱ्या भागात आहे. दोन्ही प्रकारच्या उंदरांतल्या गाठी काढून धडधाकट उंदरांत बसवल्या. धडधाकट उंदरात वाढलेली गाठ नव्या जागीही मुकाट वाढली. लिम्फोसाइट नसलेल्या उंदरातल्या बऱ्याच गाठी मात्र नव्या शरीराने नाकारल्या. याचा अर्थ असा, की रोगप्रतिकारक पेशी गाठीवर नुसत्या तुटून पडत नाहीत. त्या गाठीला घडवतात. ओळखू येणाऱ्या पेशी मारल्या जातात, न ओळखू येणाऱ्या उरतात आणि त्यांचाच वंश वाढतो. शेतात एकच कीटकनाशक वर्षानुवर्षे फवारले की त्याला न जुमानणारी कीड मागे राहते, तसेच हे. डॉक्टरांसमोर जी गाठ येते ती या चाळणीतून आधीच पार झालेली असते.

त्याच वर्षी जेफ्री पोलार्ड यांच्या प्रयोगशाळेतून विरशोच्या संशयाला दुजोरा मिळाला. मॅक्रोफेज म्हणजे शरीरातली घाण गिळणाऱ्या, जखमा भरून काढायला मदत करणाऱ्या पेशी. स्तनाचा कॅन्सर होणाऱ्या उंदरांत त्या येऊ न देण्याची व्यवस्था केली, तेव्हा गाठ उगवली नेहमीच्याच वेळी. पण तिचे उग्र होणे आणि फुप्फुसात पसरणे लांबले. गाठीत शिरलेल्या मॅक्रोफेज तिच्यासाठी नव्या रक्तवाहिन्या उभारायला मदत करतात, पेशींना वाट करून देतात, टी-पेशींना थोपवतात. जखम भरण्याचे जे कसब शरीराने कमावले आहे, तेच गाठ आपल्या कामी लावते.

हे महाराष्ट्रात दुरून वाचण्याचे प्रकरण नाही. सुपारी आणि गुटखा खाणाऱ्या अनेकांचे तोंड हळूहळू आखडते, दोन बोटेही आत जात नाहीत. सबम्यूकस फायब्रोसिस नावाच्या या आजाराचे भारतातले पहिले वर्णन १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी केले. गालाच्या आतला दाह वर्षानुवर्षे चालू राहतो, पांढऱ्या पेशी येत राहतात, त्यांच्या संदेशांनी तंतू साठत जातात, आणि अशा काही तोंडांत पुढे कॅन्सर होतो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरीही कारखान्याची पाळी असो की शिलाईच्या मशीनवरचा दिवस, गालात तंबाखूची गोळी धरून काम करणारे हात आजही कमी नाहीत.

टी-पेशींना ब्रेक असतात, या शोधाने उपचार बदलले. जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना त्यासाठी २०१८ चे नोबेल मिळाले. गाठ हाच ब्रेक दाबून टी-पेशींना निष्क्रिय करते. निव्होलुमॅबसारखे औषध तो सोडवते. ही गोष्ट अनेक लेखांत इथेच संपवली जाते. पण जे औषध रुग्णाच्या ऐपतीत नाही, त्याच्या बळावर विजयाच्या घोषणा करणे बरोबर नाही. भारतातल्या बहुसंख्य रुग्णांना त्याचा पूर्ण डोस परवडत नाही.

म्हणूनच टाटा स्मारक रुग्णालयातल्या डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न मोलाचा वाटतो: ब्रेक सोडवायला औषध खरोखर किती लागते? डोके आणि मानेच्या बळावलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर त्यांनी चाचणी केली. जवळपास निम्म्या रुग्णांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या स्वस्त गोळ्या दिल्या. उरलेल्यांना त्याच गोळ्यांबरोबर दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिले. हा नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी आहे. एक वर्ष जगलेल्यांचे प्रमाण गोळ्यांच्या गटात १६.३ टक्के होते, निव्होलुमॅबच्या गटात ते ४३.४ टक्के झाले. २०२२ मध्ये हा निकाल प्रसिद्ध झाला. आजार बरा होतो असा त्याचा दावा नाही. पण गोळ्यांच्या यादीत पुन्हा पाहावे: सेलेकॉक्सिब हे दाह कमी करणारे वेदनाशामक आहे. विरशोने ज्या दाहाकडे बोट दाखवले तो शमवणारी गोळी आणि एर्लिशचा पहारा मोकळा करणारे इंजेक्शन, दोन्ही एकाच रुग्णाला एकाच वेळी दिली गेली.

टाटाच्याच खारघरमधल्या ॲक्ट्रेक या केंद्रात जून २०२१ मध्ये देशातला पहिला कार-टी उपचार झाला. रुग्णाच्याच टी-पेशींत नवे जनुक घालून त्या परत सोडण्याच्या या पद्धतीवर आयआयटी मुंबई आणि टाटा यांनी मिळून काम केले, आणि २०२३ मध्ये त्यातून आलेल्या नेक्सकार-१९ या उपचाराला मंजुरी मिळाली. ती काही प्रकारच्या रक्ताच्या आणि लिम्फ ग्रंथींच्या कॅन्सरसाठी आहे. तोंडाच्या किंवा स्तनाच्या घट्ट गाठीत शिरलेल्या टी-पेशी आजूबाजूच्या पेशींच्या दबावाखाली थकतात, म्हणून तिथे हे यश अजून आलेले नाही.

हा सगळा प्रवास पाहिला की ‘इम्युनिटी वाढवा, कॅन्सर पळवा’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या चूर्णांना आणि काढ्यांना काहीच आधार उरत नाही. प्रतिकारशक्ती म्हणजे कमी-जास्त करायची एकच वस्तू नव्हे. तिच्यातल्या काही पेशी गाठ मारतात, काही तिला पोसतात. अशा बाटल्यांच्या नादात गेलेले दोन महिने तोंडाच्या कॅन्सरमध्ये फार महाग पडतात. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण असला किंवा तोंड पूर्वीइतके उघडत नसले, तर दुखत नाही म्हणून थांबू नका; जवळच्या दंतवैद्याला किंवा सरकारी दवाखान्यात लगेच दाखवा.