अवयव, अवयवी आणि घरी बांधलेली जीटीओ

अनेक भागांच्या जुळणीतून उभ्या राहिलेल्या वस्तूचे भाग एकामागून एक बदलत गेले, तर शेवटी उरते ती तीच वस्तू की दुसरी, हा प्रश्न भारतीय आणि ग्रीक या दोन्ही तत्त्वपरंपरांनी फार जुन्या काळापासून हाताळला आहे. पण त्याची उदाहरणे बहुधा रथ, वस्त्र आणि नौका यांची असल्यामुळे तो पंडितांच्या वादसभेपुरताच आहे असा समज होतो. अमेरिकेत घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये जुनी ‘मसल कार’ पुन्हा बांधणाऱ्याला मात्र हा प्रश्न टाळता येत नाही, कारण त्याच्या उत्तरावर गाडीचे नाव, तिची किंमत आणि बांधणाऱ्याची सचोटी या तिन्ही गोष्टी अवलंबून असतात. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या, बहुधा दोन दारांच्या आणि सामान्य ग्राहकाला परवडणाऱ्या गाडीत मोठ्या गाडीचे आठ सिलिंडरांचे दांडगे इंजिन बसवून तयार केलेली वेगवान गाडी. अशा गाड्यांचा बहर १९६४ च्या सुमारास सुरू झाला आणि विम्याचे वाढलेले हप्ते, धुराविषयीचे कायदे व १९७३ चे तेलसंकट यांमुळे दहाएक वर्षांत ओसरला.

या प्रकारातील पहिली गाडी म्हणून सामान्यतः जिचे नाव घेतले जाते, त्या पॉन्टिअक जीटीओचा जन्मच तात्त्विकदृष्ट्या अडचणीचा आहे. मध्यम आकाराच्या गाड्यांत ३३० घन इंचांहून (सुमारे ५.४ लिटर) मोठे इंजिन बसवू नये, असा पॉन्टिअकची मूळ कंपनी असलेल्या जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता. जॉन डिलोरियन आणि त्यांच्या पॉन्टिअकमधील सहकाऱ्यांनी त्यातून वाट काढली ती अशी, की ३८९ घन इंचांचे इंजिन घातलेली गाडी नवे मॉडेल म्हणून न आणता, आधीच विकल्या जाणाऱ्या ‘टेम्पेस्ट ले मॉन्स’ या गाडीवर ग्राहकाने जादा पैसे देऊन घ्यावयाचा एक संच म्हणून ती पुढे केली. परिणामी १९६४ आणि १९६५ सालच्या जीटीओच्या ओळख क्रमांकात ती जीटीओ असल्याची कोणतीही खूण नाही. दरवाजाच्या खांबावरील क्रमांकाच्या पट्टीपुरते बोलायचे तर ती ले मॉन्सच आहे. जीटीओला क्रमांकात स्वतंत्र स्थान मिळाले ते १९६६ पासून. शिवाय ले मॉन्समध्ये मिळणारे ३२६ घन इंचांचे इंजिन आणि जीटीओचे ३८९ घन इंचांचे इंजिन यांचा बाहेरील आकार सारखाच असल्याने, एकाच्या जागी दुसरे बसवताना काहीही कापावे वा जोडावे लागत नाही. म्हणजे साध्या ले मॉन्सची जीटीओ करणे हे काम पूर्वी कारखान्याने जसे केले तसेच ते आज घरीही करता येते, आणि झालेल्या गाडीकडे पाहून दोहोंतला भेद सांगणे जाणकारालाही सोपे नसते.

घरी गाडी बांधण्याचे काम कसे चालते, हे थोडे जवळून पाहिल्याशिवाय प्रश्नाचे वजन कळत नाही. या काळातील पॉन्टिअकची बॉडी स्वतंत्र लोखंडी चौकटीवर बोल्टांनी बसवलेली असते. ते बोल्ट सोडवून बॉडी वर उचलली, की मधली रबरी गादी अनेकदा हातात भुगा होऊन येते आणि गालिचाखालचा पत्रा इतका गंजलेला आढळतो की स्क्रू ड्रायव्हरचे टोक त्यातून आरपार जाते. मग चाकावरचा मागचा मोठा पत्रा, ज्याला क्वार्टर पॅनेल म्हणतात, तो काढण्यासाठी कारखान्यातील एकेक स्पॉट वेल्ड शोधून ड्रिलने कोरावा लागतो, नव्या पत्र्याच्या कडेला तितकीच भोके पाडून ती वितळलेल्या धातूने भरावी लागतात, आणि पत्रा तापून वाकू नये म्हणून एका जागी टाका घातल्यावर दुसरा टाका दूर घालावा लागतो. इंजिनही जसेच्या तसे राहत नाही: झिजलेले सिलिंडर पुन्हा गोल व्हावेत म्हणून त्यांचा व्यास साधारण ३० सहस्रांश इंचाने वाढवतात, तेव्हा मूळ ओतीव लोखंडाचा एक थर कायमचा खरवडून जातो. शेवटी वेल्ड घासून सपाट होतात, त्यांवर पुट्टी, प्रायमर आणि रंग चढतो, आणि जुना पत्रा कोठे संपला व नवा कोठे सुरू झाला हे डोळ्यांना दिसेनासे होते. रंगाखाली काय गेले, हे या टप्प्यानंतर पूर्णपणे जाणणारा बहुतेक वेळा एकच माणूस उरतो.

अशा गाडीविषयी पहिले उत्तर ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातून मिळते. भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, की ज्या रथातून राजा आला तो रथ म्हणजे दांडी आहे काय, आस आहे काय, चाके, सांगाडा, जू वा लगाम आहे काय. राजा प्रत्येक वेळी नकार देतो, या सर्वांचा ढीग म्हणजेही रथ नव्हे असे म्हणतो, आणि या सर्वांना सोडून रथ वेगळा आहे असेही त्याला म्हणता येत नाही. निष्कर्ष असा, की रथ ही प्रज्ञप्ती आहे. म्हणजे भागांच्या आधाराने व्यवहारासाठी दिलेले नाव, ज्याच्यामागे स्वतंत्र अशी कोणतीही वस्तू नाही. जीटीओला हे उत्तर विलक्षण चपखल बसते, कारण तेथे नाव हे खरोखरच काही सुट्या भागांच्या संचाला दिलेले होते. तरीही केवळ एवढ्याने भागत नाही. सर्व नावे व्यवहाराचीच असली तरी व्यवहारात खरे आणि खोटे यांचा भेद राहतोच, आणि ले मॉन्सला जीटीओ म्हणून विकणारा मनुष्य नागसेनाचा हवाला देऊन सुटू शकत नाही. बौद्ध विचारही संवृतिसत्य, म्हणजे लोकव्यवहारातील सत्य, आणि असत्य यांची सरमिसळ करत नाही.

न्याय-वैशेषिक दर्शनांनी याच्या विरुद्ध बाजू घेतली. त्यांच्या मते भागांहून वेगळा असा अवयवी, म्हणजे अखंड वस्तू, खरोखर अस्तित्वात असतो आणि तो आपल्या अवयवांत समवाय नावाच्या अतूट संबंधाने राहतो. न्यायसूत्रांत यासाठी दिलेल्या युक्तिवादांपैकी एक असा, की वस्तूचा एक भाग धरून ओढला असता सगळी वस्तू ओढली जाते, आणि भागांचा नुसता ढीग असता तर असे घडले नसते. चौकटीच्या एका कोपऱ्याखाली जॅक लावला की गाडीची सगळी बाजू वर येते, हे पाहणाऱ्याला हा युक्तिवाद लगेच पटावा. परंतु या मताची किंमतही मोठी आहे. वैशेषिकांच्या काटेकोर भूमिकेनुसार एखादा अवयव निघाला की अवयवांचा संयोग तुटतो, संयोग तुटला की पूर्वीचा अवयवी नष्ट होतो, आणि उरलेल्या अवयवांतून नवा अवयवी उत्पन्न होतो. फाटलेले वस्त्र हे पूर्वीचे वस्त्र नसून खंडपट नावाचे नवे वस्त्र आहे, असे ते म्हणतात. तसे पाहिले तर गंजलेले पहिले क्वार्टर पॅनेल कापले त्याच क्षणी १९६४ ची गाडी संपली, आणि त्यानंतर ‘हीच ती’ असे जे वाटते ते सादृश्यामुळे. हे मत तर्काला सोसते. मात्र ज्याने वर्षानुवर्षे एकाच गाडीवर काम केले आहे त्याच्या अनुभवाशी ते जुळत नाही.

ग्रीक परंपरेतील थीसियसच्या नौकेचे उदाहरण प्लूटार्कने नोंदवले: अथेन्सवासी तिच्या कुजलेल्या फळ्या बदलत गेले आणि ती तीच राहिली की नाही यावर तत्त्वज्ञ वाद घालू लागले. सतराव्या शतकात टॉमस हॉब्जने त्यात एक भर घातली, ती अशी की काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांतून पुन्हा नौका बांधली, तर मूळ नौका कोणती मानायची? मसल कारच्या व्यवहारात हे केवळ कल्पित उदाहरण राहत नाही, कारण एका गाडीचे मूळ इंजिन दुसऱ्याच गाडीत, तिची चौकट तिसऱ्या गाडीखाली आणि तिचा क्रमांक चौथ्याच्या कपाटात असू शकतो.

म्हणूनच व्यवहाराने ओळखीचा भार क्रमांकाच्या पट्टीवर टाकला. १९६८ च्या मॉडेलपासून पॉन्टिअकच्या इंजिनांवर गाडीच्या क्रमांकाचा अंश ठोकलेला असतो, आणि इंजिन, गिअरबॉक्स व गाडी यांवरील अंक जुळत असतील तर त्या गाडीला ‘नंबर्स मॅचिंग’ म्हणतात व तिची किंमत पुष्कळ चढते. अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार गाडीचा ओळख क्रमांक जाणूनबुजून काढणे वा बदलणे हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. दुरुस्तीसाठी तो काढणे अपरिहार्य असेल तर त्यापुरता अपवाद आहे. तरीही गंजून गेलेल्या गाडीची पट्टी काढून ती संपूर्ण नव्या बॉडीवर चढवण्याचे आणि ‘गाडी तीच’ असे सांगण्याचे प्रकार घडतात.

येथे पुरीच्या नवकलेवराचा विचार उद्बोधक ठरतो. अधिक आषाढ येतो त्या वर्षी, अलीकडे १९९६ आणि २०१५ साली, जगन्नाथाच्या मंदिरातील काष्ठमूर्ती कडुनिंबाच्या नव्या लाकडातून घडवल्या जातात, जुन्या मूर्तीतील ब्रह्मपदार्थ रात्रीच्या अंधारात डोळे बांधलेले दैतापती सेवक नव्या मूर्तीत ठेवतात, आणि जुन्या मूर्ती कोइली वैकुंठात भूमीत विसर्जित होतात. सारा देह बदलूनही देव तोच राहतो, अशी भाविकांची श्रद्धा आहे. वरवर पाहता एका लहान वस्तूच्या स्थलांतराने ओळख टिकवण्याची ही रीत पट्टी बदलण्यासारखी दिसेल. पण दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ब्रह्मपदार्थ काय आहे हे गुप्त राहते, परंतु देह नवा आहे ही गोष्ट कोणापासूनही लपवलेली नसते. लाकडाच्या शोधापासून विसर्जनापर्यंतचा सगळा क्रम परंपरेने ठरलेला आणि लोकांना ठाऊक असतो. पट्टी चोरून हलवणारा नेमके उलटे करतो, म्हणजे पट्टी सर्वांना दाखवतो आणि देह बदलल्याचे लपवतो.

कायद्यालाही या प्रश्नाचे अंतिम उत्तर सापडलेले नाही, हे कॅलिफोर्नियाच्या एका तरतुदीवरून दिसते. तेथे सुट्या भागांतून बांधलेल्या गाड्यांपैकी दरवर्षी पहिल्या ५०० गाड्यांना धुराच्या चाचणीसाठी, त्यांचे इंजिन किंवा त्यांची बॉडी ज्या सालच्या गाडीशी मिळतीजुळती असेल ते साल दिले जाते. आणि कशाशीच साम्य नसेल तर साल १९६० धरले जाते. जन्माचे वर्ष साम्यावरून ठरवणारा हा नियम प्रामाणिक आहे, कारण तो गाडी जुनी आहे असे म्हणत नाही. या कामापुरती ती अमुक सालची मानावी, एवढेच म्हणतो.

मग टिकते काय? नागसेनानेच दिव्याच्या ज्योतीच्या उदाहरणाने जे सुचवले, ते येथे अधिक उपयोगी पडते: पहिल्या प्रहरातील ज्योत आणि शेवटच्या प्रहरातील ज्योत तीच नव्हे आणि सर्वस्वी वेगळीही नव्हे, कारण एकीतून दुसरी अखंड निघत आली आहे. या अखंड क्रमाला संतान म्हणतात. गाडीची ओळख तिच्या लोखंडात वा अंकांत शोधण्यापेक्षा या क्रमात शोधणे अधिक योग्य आहे, असे प्रस्तुत विवेचनाचे मत आहे. आणि ते मान्य केले की प्रश्न सत्तेचा, म्हणजे अस्तित्वाचा, न राहता प्रमाणाचा, म्हणजे खात्रीच्या ज्ञानाच्या साधनाचा होतो. हा क्रम कळणार कसा? रंग चढल्यावर प्रत्यक्ष, म्हणजे डोळ्यांनी पाहून होणारे ज्ञान, थांबते. लोहचुंबक चिकटला नाही तर खाली जाड पुट्टी असावी, असे अनुमान करता येते, पण पत्रा कोणत्या गाडीचा हे चुंबक सांगत नाही. १९६४ च्या गाडीपुरती कारखान्याच्या मूळ विक्रीपत्राची प्रत मिळाली तर ती जीटीओ म्हणून बाहेर पडली की नाही ते कळते, परंतु नंतरच्या साठ वर्षांत तिचे काय झाले ते कळत नाही. उरते ते शब्दप्रमाण, म्हणजे विश्वासार्ह व्यक्तीचे सांगणे. न्यायभाष्यकार वात्स्यायनांच्या मते ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याच्या इच्छेने जो बोलतो, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेंच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असे त्यांनी स्पष्ट म्हटले आहे. मिशिगनमधल्या गॅरेजमध्ये एकट्याने वेल्डिंग करणारा माणूस या व्याख्येत पूर्णपणे बसतो. धंदेवाईक कार्यशाळेत काम अनेक हातांत विभागलेले असते. घरी बांधणारा मात्र आपल्या गाडीचा कर्ताही असतो आणि साक्षीही.

या दृष्टीने पाहता, साध्या ले मॉन्समध्ये मोठे इंजिन घालून जीटीओची चिन्हे लावणाऱ्याने काही खोटे केलेले नाही, जोपर्यंत तो तसे सांगतो तोपर्यंत. नवे इंजिन आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक घालून जुन्या गाडीला आजच्या रस्त्यांजोगी करणारा तर आपला बदल उघडच मिरवतो. खोटे करतो तो इंजिनावरचे अंक घासून तेथे नवे अंक ठोकणारा, मग त्याच्या गाडीतील पत्रा न् पत्रा कारखान्यातून आलेला असला तरी. म्हणून असे काम हाती घेणाऱ्याने पुट्टी लावण्यापूर्वी प्रत्येक सांध्याचे छायाचित्र घ्यावे, कोणता पत्रा जुना, कोणता नवा व कोणता दुसऱ्या गाडीचा याची तारीखवार वही ठेवावी, इंजिन कोठून आले ते तीत लिहावे, आणि गाडी दुसऱ्याच्या हाती देताना किल्लीबरोबर ती वहीही द्यावी.