चातुर्मासाचा अभ्यास

धरमपेठ, नागपूर
ज्येष्ठ अखेर

चि. बेटा,

ताई सांगत होती, स्टुडिओत संकलनावर तुझा हात चांगला बसलाय आणि मालक तुझ्यावर खूश आहेत. ऐकून फार बरं वाटलं. पण थोडी काळजीही वाटली, म्हणून हे पत्र.

लग्नाचे टीझर, साडीच्या दुकानांचे रील, कोचिंग क्लासच्या टॉपर पोरांच्या जाहिराती हे सगळं तू आता झोपेतही कापशील. स्टुडिओला रोज जेवढं लागतं तेवढं तो तुला शिकवणार. त्यात मालकाचा दोष नाही, धंदा असाच चालतो. त्यापुढचं शिक्षण तुलाच ठरवायचंय, आणि ते पहिल्या-दुसऱ्या वर्षातच ठरव. आज घरभाड्याची चिंता नाही, गरजा कमी आहेत, आणि ‘मला हे येत नाही’ असं म्हणायला जीभ अडखळत नाही. एकदा लोक ‘सिनियर’ म्हणायला लागले की साधा प्रश्न विचारणंही जड जातं. चांगले हात असलेली कितीतरी पोरं मी याच ठिकाणी थांबलेली पाहिली आहेत.

आपल्या कामाचं वर्ष कसं जातं ते बघ. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन, त्यामुळे शहरभर कॅमेरे. एप्रिल-मेच्या उन्हात पुन्हा लग्नं, जूनमध्ये निकाल लागले की क्लासवाल्यांची घाई. मग येते आषाढी एकादशी, आणि कार्तिकीपर्यंत लग्नाचं काम जवळजवळ बंद. गणपती आणि गरबा सोडला तर स्टुडिओत खुर्च्या रिकाम्या असतात. हे चार महिने तू अभ्यासाला दे. इतर दिवसांत ‘रोज रात्री तासभर शिकेन’ असा संकल्प करू नकोस. सीझनमध्ये बाराला घरी येणाऱ्या माणसाकडून तो पाळला जात नाही, आणि मोडला की उगाच मन खट्टू होतं.

दर आषाढीला एक वही उघडायची. गेल्या वर्षात आपण कुठे अडलो, कुठल्या कामासाठी दुसऱ्याला बोलवावं लागलं, ते प्रामाणिकपणे लिहायचं, आणि त्यातला एकच विषय चार महिन्यांसाठी घ्यायचा. एकच. रंग, ध्वनी, ग्राफिक्स, ड्रोन असं सगळं एकदम घेतलं तर हाती प्रमाणपत्रं येतात, काम येत नाही.

यंदा तू ध्वनी घे. मे महिन्यातला तुझा टीझर मी नीट पाहिला. पाठवणीच्या वेळी मुलीचे वडील तिच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी बोलतात आणि तू त्यावर गाणं चढवलंस. त्यांचं बोलणं ऐकू येण्यासारखं नव्हतं म्हणून चढवलंस, हे मला कळलं. कॅमेऱ्याच्या माइकनं बँड आणि जनरेटर टिपला, बापाचे शब्द सुटले. त्यांच्या कॉलरला छोटा माइक लावला असता, बोलण्याची पातळी उणे बारा डेसिबलच्या आसपास ठेवली असती, आणि मंडप शांत असताना त्या जागेचा नुसता आवाज अर्धा मिनिट धरून ठेवला असता, तर ती चार वाक्यंच तुझा टीझर झाली असती. गाण्याची गरजच पडली नसती.

सराव कुठे करायचा? आपल्याकडे मारबतीची मिरवणूक आहे की! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ऐन चातुर्मासात, कुणी क्लायंट नाही, कुणाची रिव्हिजन नाही. दरवर्षी काळी-पिवळी मारबत आणि बडग्ये हे मिरवणुकीतले पुतळे शूट करून तीन मिनिटांची फिल्म कर. इतवारीच्या गल्लीत ढोल-ताशा असा कानावर आदळतो की मीटरची सुई लाल रेषेच्या खाली येत नाही. त्या गोंधळातून बडग्या उचलणाऱ्या पोराची आरोळी, गच्चीवरच्या बाईचं हसणं वेगळं काढणं हा ध्वनीचा खरा पेपर आहे. विषय दरवर्षी तोच, त्यामुळे गेल्या वर्षीची फिल्म शेजारी लावली की आपण कुठे सरकलो आणि कुठे तिथेच आहोत हे कुणी सांगावं लागत नाही.

दिग्दर्शक राजकुमार हिरानी आपल्या नागपूरचे, हे तुला ठाऊक आहे. पण त्यांची मधली वर्षं कुणी सांगत नाही. जन्म १९६२चा, वडिलांची टायपिंग इन्स्टिट्यूट, शिक्षण कॉमर्सचं, नाद नाटकाचा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शनाला जागा मिळणं अवघड दिसलं म्हणून संकलन घेतलं. त्या काळी संकलन म्हणजे हातानं फिल्म कापून जोडणं. नंतर जाहिराती केल्या. १९९४च्या ‘१९४२: अ लव्ह स्टोरी’चे प्रोमो कापले, २०००च्या ‘मिशन कश्मीर’चं संकलन केलं, आणि दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट ‘मुन्नाभाई एमबीबीएस’ २००३मध्ये आला तेव्हा चाळिशी ओलांडली होती. अडीच तासांची गोष्ट दोन मिनिटांत सांगणं प्रोमोत शिकता येतं. तीस सेकंदांत माणूस उभा करणं आणि पैसे देणाऱ्याला ते पटवणं जाहिरातीत. मला या प्रवासात दिसतं ते हे, की प्रत्येक नवं काम आधीच्या कामाला लागून होतं. तू संकलन करतेस, त्याला लागून ध्वनी आहे, मग रंग, मग लेखन. याच क्रमानं गेलीस तर मागचं शिकलेलं पुढे उपयोगी पडत जाईल. आणि हो, संकलन सोडू नकोस. ‘थ्री इडियट्स’च्या संकलनातही हिरानींचं स्वतःचं नाव आहे.

पैशाचं सांगते. पगारातला विसावा हिस्सा वेगळ्या खात्यात टाक, त्याला घरखर्चासाठीही हात लावायचा नाही. पण लगेच महागड्या कोर्सला धावू नकोस. दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती घरच्या कॉम्प्युटरवर टाक, त्यातलं फेअरलाइटचं पान यंदाच्या ध्वनीच्या अभ्यासाला पुरून उरेल. साठलेले पैसे पुण्याच्या फिल्म ॲप्रिसिएशन कोर्ससाठी ठेव. फिल्म इन्स्टिट्यूट आणि फिल्म अर्काइव्ह मिळून तो १९७०च्या दशकापासून घेत आले आहेत. तो बहुतेक उन्हाळ्यात, ऐन सीझनमध्ये येतो, तेव्हा मालकांशी रजेचं जानेवारीतच बोलून ठेव. फिल्म इन्स्टिट्यूटनं २०१७पासून वेगवेगळ्या शहरांत छोटे कोर्सही सुरू केले, त्यांच्या घोषणांवर लक्ष असू दे.

कृत्रिम बुद्धिमत्तेची धास्ती घेऊ नकोस, पण दुर्लक्षही करू नकोस. सबटायटल आणि कच्चा कट आता सॉफ्टवेअर करतं. आपली वऱ्हाडी बोली मात्र त्याला अजून धड कळत नाही, आणि बापाच्या बोलण्यातला कुठला थांबा ठेवायचा हेही नाही. ते कळण्यासाठी वाचत राहा. एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक यंदा मोठ्यानं वाच. माणसं कुठे गप्प होतात तिथे पेन्सिलीनं खूण कर.

शेवटचं आणि सगळ्यात अवघड. तुझं काम पाहून खरं बोलणारं एक माणूस शोध. मी नको, मी मावशी आहे, मला तुझं सगळंच आवडतं. शहरातल्या एखाद्या अनुभवी ध्वनिमुद्रकाला विचार. मारबतीची फिल्म दाखव, तो बोलेल तेव्हा समजावून सांगायला जाऊ नकोस, नुसतं लिहून घे. त्याच्या वेळेचे पैसे देऊ कर. घेणार नाही बहुतेक, तरी विचार.

एकादशीच्या आत वही घे आणि पहिलं पान मला फोनवर वाचून दाखव.

तुझी,
मावशी