कालवड की गोऱ्हा

मागच्या पावसाळ्यात आमच्या गोठ्यात एक विज्ञानकथा घडली आणि कुणाला तिचं काही वाटलं नाही. श्रीरामपूरपासून थोडं बाहेर आमची वस्ती आहे. गाय माजावर आली, डॉक्टर मोटरसायकलवरून आले, नायट्रोजनच्या टाकीतून कांडी काढून भरली आणि म्हणाले, "सॉर्टेड आहे. नव्वद टक्के कालवडच." पप्पांनी जास्तीचे पैसे दिले. चहा झाला.

ही कांडी कशी बनते ते मी नंतर वाचलं. गाईंमध्ये मादीच्या जन्माला कारण होणाऱ्या शुक्राणूत साधारण चार टक्के डीएनए जास्त असतो. रंग चढवला की लेझरखाली तो किंचित जास्त चमकतो आणि यंत्र एकेक शुक्राणू वेगळा काढतं. जनुकांना कुणी हात लावत नाही, त्यामुळे काटेकोरपणे ही जनुकीय अभियांत्रिकी नव्हे. पण 'गटाका' (१९९७) पाहिला असेल तर आठवा, तिथला डॉक्टरही आईबापांना भ्रूणांमधून निवडच करायला लावतो.

डॉक्टर गेल्यावर आजी म्हणाली, "माणसातबी असतं असं, तर बरं झालं असतं."

कुणी हसलं नाही. मी या घरातली तिसरी मुलगी. माझ्यानंतर भाऊ झाला आणि मग पाळणा थांबला.

आजी दुष्ट नाही, तिनंच मला वाढवलंय. पप्पांचा हिशोबही चुकीचा नाही. बैलाचं काम ट्रॅक्टरनं नेलं, २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदी आहे, आणि होल्स्टीनचा गोऱ्हा नुसता दूध पिणार. अशा गोऱ्ह्यांचं काय होतं हे दूधधंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतं, बोलत कुणी नाही. उपाशी मारण्यापेक्षा जन्मूच न देणं बरं, हे मला पटतं. आणि पटतं म्हणूनच भीती वाटते, कारण हेच वाक्य मुलींबद्दल बोललं गेलंय. सासरी जाळून घेण्यापेक्षा जन्माला न आलेली काय वाईट?

गर्भजलपरीक्षा आली होती गर्भातले जनुकीय दोष शोधायला. मुंबईत ती मुली शोधायला वापरली गेली. महाराष्ट्रानं १९८८ मध्ये देशात सर्वात आधी कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा झाला, आणि २००३ पासून गर्भधारणेआधीची लिंगनिवडही त्यात आली. म्हणजे आजीला हवी असलेली कांडी माणसांसाठी आधीच बेकायदा आहे. तरी आमच्या जिल्ह्यात शून्य ते सहा वयात हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ८८४ होत्या आणि २०११ मध्ये ८५२. कायदा असताना.

हक्सलेच्या १९३२ च्या कादंबरीत माणसं बाटलीत घडवतं ते सरकार. आपल्याला खलनायक लागतो. इथं फक्त माया करणारं घर आहे आणि महिन्याच्या दुधाच्या पगाराचा हिशोब.

मग हे तंत्रज्ञानच नको म्हणायचं का? ते मला जमत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटननं सिकलसेलवर जनुकसंपादनाच्या उपचाराला मान्यता दिली. नंदुरबार-गडचिरोलीच्या आदिवासी पाड्यांवर त्या आजारानं तळमळणारी मुलं आहेत. उपचार रुग्णाच्या स्वतःच्या रक्तपेशींवर होतो, पुढच्या पिढीत जात नाही. मात्र किंमत वीस लाख डॉलरांच्या वर! तो इथवर यावा असंच मी म्हणेन.

आधी मला वाटायचं की फरक सोपा आहे: दुःख कुणाचं कमी होतंय ते बघा, जन्मणाऱ्याचं की निवडणाऱ्याचं. पण गोऱ्ह्याचंही दुःख कमी होतंच की. म्हणून आता मी आणखी एक विचारते, ते दुःख देणार कोण होतं? सिकलसेल रक्तातून येतो. गोऱ्ह्याची उपासमार आमच्याकडून येते. मुलीचा जाच ज्या घरातून येतो, तेच घर तिला त्यातून वाचवायला निघतं. रंग, उंची, बुद्धी निवडायची सोय उद्या आली, तर काळ्या पोरीला टोमणे मारणारेच तिच्या भल्यासाठी गोरेपण निवडतील.

हे मी आजीला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "तुला कुठं टाकली आम्ही?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. टाकली नाही, खरंच. पण तेव्हा सोय नव्हती म्हणून की मन नव्हतं म्हणून, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

उन्हाळ्यात गाय पहाटे व्याली. पप्पांनी बॅटरीच्या उजेडात शेपटी उचलून पाहिलं आणि डॉक्टरांना फोन लावला. गोऱ्हा होता, उरलेल्या दहा टक्क्यांतला. आजी चिकासाठी भांडं घेऊन आली, त्याच्याकडे बघून मला म्हणाली, "आला तर आला. पाज आधी त्याला."