ओरखड्याची साक्ष

लाखेची जुनी ध्वनिमुद्रिका हाती घेणाऱ्याला गायक भेटण्याआधी पुष्कळदा एखादे मूल भेटते. लेबलावर पेन्सिलीने गिरवलेले अर्धवट नाव, कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याच्या डोळ्यांवर चढवलेला चष्मा, खिळ्याने कोरून रुंद केलेले मधले छिद्र आणि खाचांना आडवा छेदून गेलेला लांब ओरखडा. या खुणांचे परिणाम केवळ डोळ्यांना दिसून थांबत नाहीत. छिद्र मध्यापासून ढळले की तबकडी डोलू लागते आणि प्रत्येक फेऱ्यात स्वर किंचित चढतो, किंचित उतरतो. मिनिटाला 78 फेरे, म्हणजे हा हेलकावा सेकंदाला एकाहून अधिक वेळा यायचा. कसलेल्या गायकाचा स्थिर षड्जही त्यातून सुटत नाही. ओरखडा उथळ असेल तर त्याच लयीत टकटक होते. तो खोल असेल तर सुई मागच्या खाचेत घसरते आणि गाणे एकाच शब्दापाशी अडून राहते.

मराठीत ‘खोडी’ आणि ‘खोडणे’ हे दोन शब्द कानाला एकमेकांचे शेजारी वाटतात. त्यांच्या व्युत्पत्तीत न शिरताही येथे त्यांची भेट अर्थपूर्ण ठरते, कारण तबकडीवरची खोडी ही खरोखरच काहीतरी खोडून जाते. नोव्हगोरोद येथे 1956 मध्ये उत्खननात सापडलेल्या भूर्जसालींवर तेराव्या शतकातील ओनफिम नावाच्या मुलाने अक्षरे गिरवता गिरवता घोडेस्वार रेखाटलेला आहे. त्या सालींकडे पाहून जगभरचे अभ्यासक हरखले, आणि त्यात वावगे काही नाही. मात्र त्या सालीवर दुसऱ्या कोणाचा आवाज नव्हता. तबकडी ही कोरी पाटी नसते. तिच्यावर आधीच एका कलावंताची तीन मिनिटे कोरलेली असतात. तेव्हा या खुणांना निरागस बाललीला म्हणून कुरवाळायचे, की अपहार म्हणून त्यांची नोंद करायची, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

नोव्हेंबर 1902 मध्ये कलकत्त्यात फ्रेड गायस्बर्गने गौहर जान यांचे गायन मुद्रित केले, तेव्हा गाण्याच्या अखेरीस त्या स्वतःचे नाव उच्चारीत. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जाणार होत्या आणि तेथील कामगारांना गायिकेची ओळख पटावी, एवढाच त्यामागचा हेतू. तो व्यावहारिक हेतू केव्हाच संपला. उरली ती एका माणसाने काळावर केलेली स्वाक्षरी. अशा स्वाक्षरीवरून ओरखडा गेला तर अन्याय कोणावर होतो? तबकडीच्या मालकावर, असे कायदा म्हणेल. पण मालकाचे नुकसान पैशात भरून येते. ज्या गायकाचा आवाज त्या एकाच प्रतीत उरला आहे, त्याचे नुकसान भरून देणारे कोणी नसते. भास्करबुवा बखले 1922 मध्ये गेले ते मुद्रित आवाज मागे न ठेवता. त्यांच्या गायकीविषयी आज केवळ वर्णने वाचावी लागतात. ज्यांना ही उणीव ठाऊक आहे, त्यांना एका ओरखड्याचाही राग येणे स्वाभाविक आहे.

तरीही हा राग मुलाच्या अंगावर टाकण्यापूर्वी थोडे थांबले पाहिजे. एका मुलाने हजारो प्रतींपैकी एकीवर रेघ ओढली आणि दुसऱ्याने पुढे एकमेव ठरणार असलेल्या प्रतीवर. दोघांची कृती तीच, अजाणतेपणही तेच. 1976 मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल यांनी ‘नैतिक दैव’ या नावाने जो पेच मांडला, तो हाच: ज्यावर कर्त्याची सत्ता नाही त्या परिणामावरून कर्त्याचा दोष मोजावा काय? येथे तर आणखी एक गोष्ट आहे. ती प्रत एकमेव कोणी केली? मुलाने नव्हे. अमेरिकेत एप्रिल 1942 मध्ये लाखेच्या वापरावर 70 टक्के कपात आली आणि जुन्या तबकड्या दळून नव्या करण्यासाठी गोळा करण्यात आल्या. हे सारे शहाण्यासुरत्या माणसांनी, हिशेब ठेवून केले. त्या दळणात काय गेले याच्यापुढे खिळ्याचा ओरखडा क्षुल्लक आहे. परंतु ओरखडा दिसतो आणि दळण दिसत नाही, म्हणून दूषणे मुलाच्या वाट्याला येतात.

कलावंतांनीही तबकड्या बिघडवल्या आहेत. पॅरिसमध्ये प्येर शेफेर यांनी 1948 मध्ये स्वतःशीच मिळणाऱ्या बंद खाचेतून पुन्हा पुन्हा उमटणाऱ्या ध्वनीचा रचनेसाठी उपयोग केला. क्रिस्टियन मार्क्ले यांनी 1985 मध्ये वेष्टनाविना तबकडी विकायला काढली, जेणेकरून तिच्यावर पडणारा प्रत्येक चरा कृतीचाच भाग व्हावा. या प्रयोगांचे मोल मान्य करूनही मुलाला त्यांच्या पंक्तीला बसवण्याचा मोह टाळलेला बरा. कलावंत जे मोडतो ते जाणून मोडतो. मुलाला ‘आवाज कुठे बसला आहे’ हे पाहायचे असते. बोट टेकवून गती मंदावली की बाई पुरुषासारखी गाते, हा शोध त्याला कोणी शिकवलेला नसतो. मुलाने तबकडीवर ठसा उमटवला तसा तबकडीनेही मुलांवर उमटवला आहे: अब्दुल करीम खाँ यांच्या ध्वनिमुद्रिकेने झपाटलेले भीमसेन जोशी 1933 मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडून निघाले.

राहतो प्रश्न दुरुस्तीचा. मराठी वाचकाला येथे एकनाथांची आठवण व्हावी. शके 1506 मध्ये त्यांनी पाठभेदांनी मलिन झालेली ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि पुढे तीत स्वतःची ओवी घालू पाहणाऱ्याला कडक शब्दांत खडसावले. वरवर पाहता हा इशारा ओरखडा काढणाऱ्या मुलालाही लागू व्हावा. पण मुलाने ओवी घातलेली नाही. त्याने केवळ काही अक्षरे पुसली. संगणकाच्या साहाय्याने टकटक काढून टाकणारा तंत्रज्ञ मात्र तेथे पडलेली पोकळी आजूबाजूच्या ध्वनीवरून अनुमानाने भरतो. क्षणाच्या अत्यल्प अंशापुरता का होईना, तो प्रक्षेपच असतो, आणि ऐकणाऱ्याला त्याची जाणीव नसते. एकनाथांचा इशारा लागू पडलाच तर तो या सद्हेतूच्या दुरुस्तीला. चेझारे ब्रांडी यांनी 1963 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कलाकृतीच्या जीर्णोद्धाराविषयी असेच बजावले होते: जीर्णोद्धाराने बनावट इतिहास निर्माण करू नये, आणि कृतीने काळातून केलेल्या प्रवासाच्या खुणाही पुसू नयेत.

याचा अर्थ टकटकीचे कौतुक करीत बसावे असा नव्हे. ज्याला गौहर जान ऐकायच्या आहेत, त्याला ओरखड्यांचे प्रवचन ऐकवण्याचा अधिकार कोणालाही नाही. जबाबदार ध्वनिसंग्रहालये म्हणूनच तबकडीचे पहिले प्रतिमुद्रण कोणताही फेरफार न करता करतात, ते तसेच जपतात, आणि साफ केलेली प्रत त्यावरून वेगळी तयार करतात. श्रोत्याच्या हाती सहसा ही साफ प्रत पडते आणि तिच्यात मुलाचा मागमूस नसतो. पहिली प्रत आत कपाटात राहते. सोबत लेबलाचे छायाचित्रही ठेवले असेल, तर चष्मा लावलेला तो कुत्राही तेथेच असतो.