गळके छप्पर आणि भाडेकऱ्याचा धर्म

घर कोरडे असते तोवर ते कोणाचे, हा प्रश्न कोणास सुचत नाही. मृगाचा पाऊस कोसळून वरच्या मजल्यावरील खोलीत पातेली व बादल्या मांडाव्या लागल्या, की तोच प्रश्न दरवर्षी नव्याने उत्पन्न होतो. गिरगाव, परळ, लालबाग, दादर या भागांत ज्यांचा संसार चाळीत झाला आहे त्यांस हा अनुभव सांगावयास नको. कौले सरकलेली, सज्जाच्या लाकडी खांबांस वाळवी लागलेली, सामाईक मोरीचे पाणी खालच्या बिऱ्हाडाच्या भिंतीत मुरत असलेले. आणि मालकास सांगावे तर तो म्हणतो, 'पाहू, पावसाळा तर सरू द्या.' पावसाळा सरतो, व त्याबरोबर दुरुस्तीची निकडही सरल्यासारखी होते. अशा स्थितीत भाडेकऱ्याने काय करावे? प्रश्न कायद्याचा आहे खरा; परंतु आमच्या मते तो त्याहून अधिक नीतीचा आहे, आणि या बाजूने त्याचा विचार आपल्याकडे फारच थोडा होतो.

उभय पक्षांची भाषा सर्वांच्या परिचयाची आहे. भाडेकरू म्हणतो, 'भाडे घेतो त्याने दुरुस्ती करावी. करीत नसेल तर भाडे कशाचे?' मालक म्हणतो, 'तुम्हा सर्वांचे भाडे एकत्र केले तरी गवंड्याची मजुरी निघत नाही. दुरुस्ती कशातून करू?' दोन्ही वाक्ये खरी आहेत, आणि म्हणूनच भांडण मिटत नाही.

मालकाचे म्हणणे समजून घेण्यास थोडे मागे जावे लागते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, मुंबईतील भाड्यांवर प्रथम निर्बंध आला. पुढे १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० या दिवशी जे भाडे होते तेच 'प्रमाणभूत' म्हणून ठरविले. युद्धाने व फाळणीने शहरात माणसांची जी दाटी झाली तीत गरिबास रस्त्यावर फेकले जाऊ नये, हा हेतू सर्वस्वी योग्य होता. पण तात्पुरती म्हणून केलेली ही योजना मुदतीमागून मुदत मिळत अर्धशतक चालली. चुना, लाकूड, मजुरी सारे वाढत गेले. भाडे तेथेच उभे राहिले. १९९७ च्या डिसेंबरात मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले की, जे निर्बंध आरंभी न्याय्य होते तेच काळाच्या ओघात अन्याय्य झाले आहेत. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला व मार्च २००० च्या अखेरीपासून तो लागू झाला. त्याने मालकास दरसाल शेकडा ४ वाढ दिली. पण शेकडा ४ कशावर? ज्या खोलीचे भाडे ४० रुपये, तिच्यावर ही वाढ १ रुपया ६० पैसे होते. एवढ्यात एक कौलही बदलत नाही.

आता कायद्याने भाडेकऱ्याच्या हाती काय दिले आहे ते पाहू. याच कायद्याचे १४ वे कलम सांगते की, उलट करार नसेल तर जागा राहण्यायोग्य स्थितीत राखणे हे मालकास बंधनकारक आहे. त्याने हयगय केल्यास भाडेकऱ्याने, एकट्याने किंवा इतरांसह, निदान १५ दिवसांची नोटीस द्यावी. वाजवी काळ वाट पाहावी. मग स्वतः दुरुस्ती करून घेऊन तिचा खर्च भाड्यातून वळता करावा. अशा रीतीने वळती करावयाची रक्कम मात्र कोणत्याही वर्षी त्या वर्षाच्या भाड्याच्या चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. तत्त्व मोठे सुंदर आहे. हिशेब करू लागले म्हणजे हसू येते. दरमहा २०० रुपये भाडे धरा. वर्षाचे २,४०० झाले. त्याचा चतुर्थांश ६००. वीस बिऱ्हाडांनी एकजूट केली तरी वर्षाला १२,००० रुपये. एवढ्या रकमेत तीन मजल्यांच्या चाळीचे छप्पर होईल असे कोणता कंत्राटदार म्हणेल? जे शस्त्र कायद्याने भाडेकऱ्यास दिले, त्याची धार कायद्यानेच गोठविलेल्या भाड्याने बोथट करून टाकली आहे.

म्हणून बहुतेकांस दुसरा मार्ग सोपा वाटतो: भाडेच देऊ नये. या मार्गाविषयी आम्हांस दोन शब्द स्पष्टपणे लिहावयाचे आहेत, कारण सुशिक्षित कुटुंबांतही तो बाणेदारपणाचा समजला जातो. खर्च वळता करणे व भाडे अडविणे ही वरवर सारखी दिसणारी कृत्ये नीतीच्या दृष्टीने परस्परांपासून फार दूर आहेत. वळते करणारा म्हणतो, 'तुमचे काम मी केले, हा त्याचा हिशेब.' अडविणारा म्हणतो, 'तुम्ही तुमचे केले नाही, म्हणून मीही माझे करणार नाही.' पहिल्याने छप्पर दुरुस्त होते व संबंधही टिकतो. दुसऱ्याने छप्पर तसेच गळत राहते, आणि मालकास आजवर जी सबब नव्हती ती आयती मिळते. व्यवहारातही यात शहाणपण नाही. थकलेल्या भाड्याची लेखी मागणी केल्यावर ९० दिवसांनी मालकास दावा लावता येतो. आणि धोबीतलावाच्या लघुवाद न्यायालयात एकदा पाऊल पडले की तेथील तारखा मोजण्यात कित्येक पावसाळे जातात.

तर मग मालकाची 'कशातून करू' ही सबब मान्य करावी काय? अर्धी करावी. उरलेली अर्धी आम्हांस मान्य नाही, आणि त्याचे कारण पागडी. भाडे गोठलेले असता जागेचे मोल मात्र गोठले नव्हते. ते पागडीच्या वाटेने वाहत राहिले. १९४७ च्या कायद्याने ती घेणे गुन्हा ठरविले, तरी शहरभर ती चालू होती. १९९९ च्या कायद्याने तिला मोकळीक दिली. खोली हातोहात जाते तेव्हा मालकाचा वाटा ठरलेला असतो, आणि तो बहुधा तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असतो. ज्याने खोलीच्या हस्तांतरात लाखांचा वाटा घेतला त्याने छपराचा प्रश्न निघताच ४० रुपयांची पावती पुढे करावी, हा न्याय नव्हे. अर्थात ज्या मालकाच्या चाळीत तीन पिढ्यांत एकही खोली हातची गेली नाही त्याची गोष्ट वेगळी, आणि असे मालकही आहेत हे विसरून चालणार नाही.

दिरंगाई दिरंगाईतही भेद केला पाहिजे. एक मालक खरोखर असमर्थ असतो. मूळ पुरुष वारला, मागे चार भाऊ व दोन बहिणी, त्यांचा आपसांत दावा. भाडे कोणी घ्यावयाचे हेच ठरलेले नाही, मग गवंडी कोणी बोलवावा? दुसरा केवळ बेपर्वा असतो. तिसरा वाट पाहत असतो. जमिनीचे मोल चढत आहे, वरची इमारत हीच काय ती अडचण आहे, आणि ती पावसाने परस्पर दूर केली तर बरेच, असा त्याचा मनातला हिशेब. (२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने, इमारत पाडली गेली तरी भाडेकऱ्याचा हक्क तेवढ्याने नष्ट होत नाही, असा निर्णय दिला, तेव्हा हा हिशेब वाटतो तितका बिनचूक नाही.) पहिल्याशी भाडेकऱ्याने सबुरीने व मदतीच्या वृत्तीने वागावे, दुसऱ्यास नोटीस द्यावी, तिसऱ्याची तक्रार मात्र उघडपणे महापालिकेकडे व मंडळाकडे न्यावी. तिघांनाही 'लबाड' या एकाच शब्दात बसविणे ही आपली जुनी खोड आहे.

मंडळाचा उल्लेख आला तेव्हा त्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे. खासगी मालकांच्याने हे काम होत नाही असे पाहून शासनाने १९६९ च्या कायद्याने इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाची योजना केली, व पुढे ते म्हाडात सामील झाले. शहर विभागातील जुन्या इमारतींवर उपकर बसविला. त्याचा भार बहुतांशी भाडेकऱ्याच्याच पावतीवर पडला. आरंभी अशा इमारती १९,६४२ होत्या. एवढा पसारा एका कचेरीने सांभाळावा ही अपेक्षाच मुळी अवघड होती. दुरुस्तीखर्चास चौरस मीटरमागे मर्यादा आहे. खर्च तीपलीकडे जाऊ लागला की वरची रक्कम रहिवाशांनी भरावी किंवा इमारत दुरुस्तीपलीकडची ठरावी. मग तुळयांखाली टेकू येतात. टेकू हा खरे तर थोड्या दिवसांचा पाहुणा. पण लालबाग-परळच्या कित्येक जिन्यांखाली तो घरचाच होऊन बसला आहे, मुले त्याला दोरी बांधून खेळतात. घर सोडावे तर संक्रमण शिबिरात किती वर्षे काढावी लागतील याची शाश्वती नाही, म्हणून माणसे तडे गेलेल्या भिंतींत राहणे पत्करतात. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळली तेव्हा तेथील काही कुटुंबे आधीच दुसरीकडे गेली होती, काही राहिली होती. ३३ माणसे गेली. १६ जुलै २०२० रोजी फोर्टमधील भानुशाली इमारतीचा भाग पडला; तेथे १० माणसे गेली.

या दोन तारखा ध्यानात ठेवल्या म्हणजे दुरुस्ती कोणाच्या खर्चाने व्हावी आणि दुरुस्ती व्हावी की नाही, हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे कळून येते. पहिल्याचा निकाल लागेपर्यंत दुसरा थांबवून ठेवण्याचा अधिकार कोणासही नाही. मालकास नाही, तसाच भाडेकऱ्यासही नाही. 'माझे कर्तव्य नसता मी का करू?' हा प्रश्न हक्काच्या दृष्टीने बरोबर असेल. पण तुळई पडते ती हक्क पाहून पडत नाही. देवळाच्या जीर्णोद्धारास नवे देऊळ बांधण्याहून अधिक पुण्य आहे असे आपण म्हणतो. राहत्या घराविषयी मात्र 'घर पहावे बांधून' एवढेच सांगून आपली म्हण थांबते.

आणि येथेच सर्वांत अवघड जागा येते. मालकाच्या दिरंगाईविषयी चाळीत एकमत असते. वर्गणीची गोष्ट निघाली की ते मोडते. छप्पर गळते तिसऱ्या मजल्यावर. तळमजल्यावरील दुकानदारास त्याची झळ नाही. मधल्या मजल्यावरील एक बिऱ्हाड वर्षानुवर्षे कुलूपबंद आहे. मंडळी बोरिवलीस किंवा डोंबिवलीस राहतात, पुनर्विकासात मिळावयाच्या जागेसाठी खोली हाती ठेवली आहे, आणि जी इमारत आज ना उद्या पाडावयाची तिच्यावर पैसा का घालावा असे त्यांचे म्हणणे. हे म्हणणे ऐकले म्हणजे आम्हांस त्या तिसऱ्या मालकाची आठवण होते. इमारत पडण्याची वाट पाहणारा मालक निंद्य, तर तीच वाट कुलूप लावून पाहणारा भाडेकरू स्तुत्य कसा? ज्यास त्या छपराखाली झोपावयाचे नाही त्याने, झोपणाऱ्याच्या वतीने धोका पत्करू नये. आमच्या मते अशा बिऱ्हाडाने वर्गणी आधी द्यावी, कारण त्याची हाव उद्यावर आहे आणि उद्या येईपर्यंत इमारत उभी ठेवण्याचे कष्ट दुसरे सोसत आहेत. भाड्याच्या प्रमाणात खर्च वाटून घेण्याची कायद्याची रीत सोयीची आहे. तथापि वरच्या मजल्यावर पेन्शनीत राहणारी एकटी विधवा आणि तळमजल्याचे भरभराटीचे दुकान यांस एकाच मापाने मोजणे चाळीच्या परंपरेस शोभणार नाही. ज्या गिरगावच्या चाळींनी १८९३ पासून गणपतीची वर्गणी प्रत्येकाची ऐपत पाहून गोळा केली, त्यांस ही विद्या नवी शिकवावी लागू नये.

इतके सर्व भाडेकऱ्याने केले तर घर त्याचेच झाले, असे म्हणणारेही आहेत. १९८६ साली म्हाडाच्या कायद्यात याच विचाराच्या वळणाचे एक प्रकरण घालण्यात आले: शेकडा ७० रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर मासिक भाड्याच्या शंभर पट मोबदला देऊन शासनाने उपकर भरणारी इमारत संस्थेसाठी घ्यावी. मालकांच्या संघटनेने त्यास आव्हान दिले. त्यातून निघालेल्या घटनेच्या प्रश्नावर ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने असे सांगितले की, प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती म्हणता येत नाही. आम्हांस हे म्हणणे पटते. छप्पर शाकारल्याने कोणी मालक होत नाही, जशी सेवा केल्याने आजाऱ्याची मालमत्ता आपली होत नाही. पण सेवा करणाऱ्यास विचारल्यावाचून आजाऱ्याविषयी कोणी काही ठरवू नये, एवढा अधिकार त्यास निश्चित येतो. २०२२ च्या अखेरीस राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या दुरुस्तीत हा क्रम थोडाफार दिसतो: धोकादायक इमारतीच्या पुनर्बांधणीसाठी आधी मालकास सहा महिने, त्याने न केल्यास रहिवाशांच्या संस्थेस सहा महिने, आणि तेही न झाल्यास म्हाडा. इमारत धोकादायक हे कोणी ठरवावे यावरून न्यायालयांत वाद झाला असला, तरी क्रम योग्य आहे.

राहिली गोष्ट वेळेची. १५ दिवसांची नोटीस, त्यापुढे वाजवी काळ, मग वर्गणी, मग गवंडी; हे सारे ज्येष्ठात सुरू केले तर आषाढ येऊन ठेपतो आणि ओल्या भिंतीवर गिलावा धरत नाही. नोटीस माघात जावी. तिच्यावर ज्या ज्या बिऱ्हाडाच्या घरात पाणी येते त्याची व ज्याच्या घरात येत नाही त्याचीही सही असावी, टपालाची पावती जपून ठेवावी, त्या महिन्याचे भाडे नेहमीच्या तारखेस पोचते करावे, आणि खर्चाची वही तळमजल्यावरच्या दुकानात ठेवावी, म्हणजे येताजाता सर्वांस ती पाहता येईल.